धुराड्यातली तुळई

मिल स्ट्रीट, थर्लिंगफील्ड, सफोक
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

प्रिय विल्फ,

नाताळच्या कार्डाला अजून वेळ आहे, त्यामुळे माझं पाकीट बघून तू दचकला असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. जायला आता उरलंय तरी कोण? मी बरी आहे. गुडघे सोडले तर.

बातमी आहे म्हणून लिहितेय. बातमी आधी सांगते. पुढचं वाचावंसं वाटलं तर वाच, नाहीतर घडी घालून ठेव आणि तुझ्या सफरचंदांच्या बागेत जा.

विल्फ, गिल्डहॉलला आग कोणी लावलीच नव्हती.

तुला ते माहीतच आहे. मलाही माहीत होतं. आईला शेवटच्या श्वासापर्यंत माहीत होतं. पण आता ते डोळ्यांना दिसतंय, हात लावून बघता येतंय. मी हात लावून आले.

तू गेलास तेव्हा व्यापाऱ्यांच्या त्या जुन्या लाकडी हॉलची जळकी बाजू जशी होती, तशीच इतकी वर्षं पत्रे ठोकून झाकलेली होती. शीप लेनवरून येताना उजवीकडे ते काळं भोक दिसायचं आणि लोकांनी तिकडे न बघण्याची सवय करून घेतली होती. आता गावानं मनावर घेतलंय. जत्रा भरवल्या, केक विकले, जुने कपडे विकले, आणि गेल्या महिन्यात काम सुरू झालं. जुन्या इमारती ओळखणारी एक बाई शहरातून आलीय, जोसलिन टायडमन तिचं नाव. तिशीची असेल. पॅंट घालते, डोक्याला रंगाऱ्याचं फडकं बांधते, आणि डॉक्टरनं छाती ठोकून बघावी तशी भिंती ठोकत हिंडते. कुठल्या सुतारानं कोणत्या तुळईवर कसली खूण केली, कुठली खिडकी लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या संघानं बसवली आणि कुठली नंतर कोणी बुजवली, सगळं ती भिंतीवरून वाचते. मी कामावरच्या लोकांना चहा नेऊन देते, म्हणून आमची ओळख.

मंगळवारी ती वरून ओरडली, "मिस रफल, वर या, तुम्हाला एक गंमत दाखवते!"

मी परांचीवर चढले. म्हटलं ना, गुडघे सोडले तर बरी आहे.

पूर्वेच्या टोकाला हॉलची झाडलोट करणाऱ्या पेटिटबाईंची खोली होती ना, तिच्या वर धुराड्याची भिंत अर्धी उकललेली होती. जोसलिननं टॉर्च मारला. "ही तुळई बघा. हॉल बांधला तेव्हाची आहे, ओकची. धुराडं त्यानंतर शे-दीडशे वर्षांनी घुसवलंय. गवंड्याला तुळई कापायचा कंटाळा आला असणार. त्यानं तिचं टोक तसंच धुराड्याच्या पोटात राहू दिलं आणि वरून गिलावा थापला. काय दिसतंय त्याला? पण गिलावा कधीतरी झडतोच. मग लाकूड उघडं पडतं. खाली शेगडी पेटली की हे टोक धुमसायला लागतं. भिंतीच्या आत! बाहेर वाससुद्धा येत नाही. दिवस-दोन दिवस असं चालतं, आणि मग सगळी माडी एकदम पेट घेते."

मी म्हटलं, "मग ती टाकलेली सिगारेट?"

"कसली? त्या गावच्या इतिहासाच्या पुस्तिकेतली?" ती हसली. "छे हो! बाहेरून लागलेली आग लाकूड बाहेरून खाते. हे आतून खाल्लंय. हात घाला, बघा. आणि माडीच्या बाजूचा गिलावा इथे अजून पांढरा आहे. त्या पुस्तिकेत ज्या पोरावर ढकललंय ना, त्याची मला कीव येते. कोण होता कोण जाणे."

तिला माहीत नव्हतं, विल्फ. ती बाहेरची. पुस्तिकेत तुझं नाव नाही, आणि गावातल्या कोणी तिला सांगितलं नव्हतं.

मी तिथल्या चुन्याच्या पोत्यावर बसले. ती म्हणाली, "चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही. तो माझा भाऊ होता." मग तीही माझ्या शेजारी पोत्यावर बसली आणि आम्ही कामकऱ्यांसाठी आणलेला चहा दोघींनी पिऊन टाकला.

आज हुतात्म्यांचा रविवार होता. चर्चमध्ये युद्धांत पडलेल्यांची नावं वाचली गेली. मी मनातल्या मनात शेवटी तुझंही नाव घेतलं. तू जिवंत आहेस हे देवाला कळतं, तो गोंधळणार नाही.

तुझी,
डल्सी


रविवार, १८ जानेवारी १९८७

प्रिय विल्फ,

कार्ड मिळालं. नेहमीसारखं, नुसतं नाव. म्हणजे माझं पत्र तुला उशिरा पोचलं, किंवा पोचलं आणि तू घडी घालून ठेवलंस. असो. मी लिहिणारच आहे.

या आठवड्यात असा बर्फ पडला की दार उघडलं तर पांढरी भिंत. मॉरीननं फावड्यानं वाट करून मला पाव आणि दूध आणून दिलं. मॉरीन म्हणजे पेटिटबाईंची मॉरीन. आगीच्या दिवशी तुझ्या खांद्यावर होती तीच. आता चाळिशीला टेकलीय, शाळेची बस चालवते आणि बसमधल्या पोरांपेक्षा जास्त बोलते. दारातून ओरडली, "मिस रफल, अजून जिवंत आहात का? नसाल तर पाव मी परत नेते!"

तिच्याशी गप्पा मारताना मी आता जरा अवघडते. का ते सांगते.

गॅरड सरांकडे गेले होते. हो, अजून आहेत. चौऱ्याऐंशी. पाठ तशीच ताठ, आणि माझ्याकडे बघताना अजून असं बघतात की माझा गृहपाठ राहिलाय. पुस्तिका त्यांचीच, हे तुला कदाचित माहीत नसेल. तू गेल्यावर चार वर्षांनी त्यांनी थर्लिंगफील्डचा इतिहास लिहिला. चर्चच्या दाराशी पेटी ठेवलीय, तिथे मिळतो. रस्त्यांची नावं कशी पडली, लोकरीचा व्यापार कसा बुडाला, शीप लेनवरच्या घरांना पुढून विटा आणि मागून लाकूड का, सगळं आहे. चांगलं पुस्तक आहे, खोटं कशाला बोलू? फक्त शेवटच्या पानावर ती ओळ आहे. बाहेरगावचा माणूस ती वाचून पुढे जातो. मी मात्र दर रविवारी त्या पेटीसमोरून चालत जाते.

मे महिन्यात हॉल उघडेल तेव्हा पुस्तिकेची नवी आवृत्ती निघणार आहे. म्हणून गेले.

म्हटलं, "सर, ती ओळ काढा."

"कोणती ओळ, डल्सी?"

"तुम्हाला माहितेय कोणती."

त्यांनी चष्मा लावला, पुस्तिका काढली आणि वर्गात वाचावं तसं वाचलं, "'सन १९५२च्या ऑक्टोबरात मिल स्ट्रीटवरील एका बेफिकीर तरुणाने टाकलेल्या सिगारेटमुळे गिल्डहॉलचा पूर्व भाग भस्मसात झाला.' यात नाव कुठे आहे?"

"गावाला नाव लागत नाही, सर. मिल स्ट्रीटवर तेव्हा बेफिकीर तरुण होते तरी किती?"

"सगळेच," ते म्हणाले.

मग मी तुळईचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, विरघळले. पण ते म्हणाले, "इतिहास बहिणीच्या मायेनं लिहीत नाहीत, डल्सी. त्या दुपारी तो हॉलच्या मागे सिगारेट ओढत होता हे चार लोकांनी पाहिलंय. आणि समजा, तुझी तुळई खरी. मग त्या शेगडीत विस्तव कोणी घातला? एकाचं नाव खोडायचं तर दुसऱ्याचं लिहावं लागेल. पेटिटबाईंचं लिहू? चर्चमागच्या धर्मादाय खोलीत ती बाई दिवस मोजतेय. जा, तिला सांगून ये, मग बोलू."

मी उठून आले. सर कठोर आहेत, पण प्रश्न बरोबर होता. आणि तेव्हा हॉलची राखण म्हातारीकडेच होती, म्हणजे शेगडीही तिचीच.

तेव्हापासून मी धर्मादाय खोल्यांवरून तीन-चारदा गेले. दार वाजवलं नाही. खिडकीत जिरॅनियमची कुंडी आहे, तिच्यामागे म्हातारी विणत बसलेली असते. मला बघून हात हलवते. मीही हलवते आणि पुढे जाते.

बाबांबद्दल कधी लिहिलं नाही तुला. तू गेलास तो त्यांच्या एका वाक्यामुळे, हे मला ठाऊक आहे. "खरं काय ते सांग, पोरा," एवढंच ते म्हणाले होते. पण त्या "खरं"मध्ये काय होतं ते तू ऐकलंस. नंतर मरेपर्यंत ते रोज संध्याकाळी गिल्डहॉलपाशी जाऊन उभे राहायचे. टोपी हातात धरून. आईनं विचारलं की म्हणायचे, "फिरायला गेलो होतो."

अंगावर गरम घाल असं लिहिणार होते, मग आठवलं, पृथ्वीच्या त्या टोकाला तुमच्याकडे उन्हाळा.

तुझी,
डल्सी


रविवार, १ मार्च १९८७

प्रिय विल्फ,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं दारात उभं राहून सांगितलं, "परदेशी आहे, मिस रफल, आणि कार्ड नाही, पत्र आहे!" म्हणजे ही बातमी माझ्याआधी शीप लेनला कळली.

सात ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता न बघता म्हणता येतात. "पेटिटबाईंच्या माथी येणार असेल तर ती ओळ राहू दे. मला सवय झाली आहे. त्या बाईने आम्हा पोरांना कधी हाकललं नाही. तू भांडू नकोस. सफरचंदं काढायला आली आहेत." आणि खाली फोनचा नंबर. तो कशासाठी ते लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

पत्र वाचून मी खूप वेळ स्वयंपाकघरात बसून होते. पोरा, तू इथून गेलास तेव्हा सतरा वर्षांचा होतास आणि तुझ्यावर सगळं गाव थुंकत होतं. तरीही तू असाच राहिलास, हे बघायला आई हवी होती.

मी तुझं ऐकायचं ठरवलं होतं. अगदी खरं. पत्र पेटीत ठेवलं, आणि म्हटलं, विषय संपला.

पण विषय संपवणं माझ्या हातात नव्हतं. गुरुवारी शाळेत पॅरिशची, म्हणजे गावसभा होती. हॉलच्या उद्घाटनाचं ठरवायचं होतं. बर्फानंतर सगळ्यांनाच गरम खोलीचं आकर्षण, त्यामुळे पन्नासेक माणसं जमली. मॉरीन आपल्या आईला खुर्चीसकट घेऊन आली आणि तिला हीटरपाशी बसवून स्वतः मागे बसली. पेटिटबाईंना ऐकू कमी येतं, आम्ही समजलो चहासाठी आल्यात.

जोसलिननं कामाची माहिती दिली आणि सरळ मनानं तुळईचंही सांगून टाकलं. खोलीत कुजबुज झाली. बरीच डोकी माझ्याकडे वळली. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

गॅरड सर उठले. "मिस टायडमन यांचा तर्क चांगला आहे. पण तो पुस्तिकेत घ्यायचा तर त्या दिवशी ती शेगडी पेटलेली होती हे सिद्ध करावं लागेल. तेव्हा कोणीही तसं म्हटलेलं नाही. तेव्हा तर्क तो तर्कच."

"मी पेटवली होती."

हीटरजवळून आवाज आला. पेटिटबाई उभ्या राहिल्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बशी.

"मीच पेटवली होती. त्या वर्षीची पहिली थंडी होती. मॉरीनच्या छातीत घरघर वाजत होती. दोन दिवस मी शेगडी विझू दिली नाही. आणि तसाच गारठा पुन्हा पडला तर पुन्हा पेटवीन. माझी पोर होती ती."

सर म्हणाले, "मिसेस पेटिट, तुम्हाला कोणी दोष देत नाहीये—"

"देऊच नका! द्यायचा तर त्या गवंड्याला द्या. तो मेलाय, त्याला काही वाटणार नाही."

खोली हसली. पण म्हातारी हसत नव्हती. सरांकडे बघत म्हणाली, "कोणी विचारलंच नाही मला शेगडीचं. सगळ्यांना उत्तर आधीच मिळालं होतं ना! पण दुसरी एक गोष्ट मी तेव्हा न विचारता सांगितली होती, गॅरड. मी अंगणातल्या नळावर होते. जिन्यात धूर दाटला होता, मला वर जाता येईना. रफलांचा पोरगा मला बाजूला सारून वर गेला आणि माझी पोर घेऊन खाली आला. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात येऊन हे सांगितलं. तुम्ही काय म्हणालात? 'स्वतःच आग लावायची आणि स्वतःच शूर व्हायचं!' मी तेव्हा झाडूवाली बाई, तुम्ही हेडमास्तर. माझं छप्पर जळालेलं, नवी खोली तुमच्या सहीनं मिळणार. मी गप्प बसले. आता काय, जी खोली मिळायची ती मिळाली, आणि पुढची कबरस्तानात आहेच."

मॉरीन जागेवरून उठली आणि आईची बशी हातातून काढून घेतली.

सर खाली बसले. सभा तशीच संपली.

बाहेर पेटिटबाईंनी माझं मनगट पकडलं. "तू माझ्या खिडकीवरून चार वेळा गेलीस. मला वाटलं, हिला काहीतरी सांगायचंय. मग मॉरीनकडून काढून घेतलं, तिला कामावरच्या लोकांनी तुळईचं सांगितलं होतं. बरं झालं ना? भावाला लिही. म्हणावं, म्हातारी रोज झोपताना देवापाशी दोन नावं घेते. एक पोरीचं, एक तुझं. तुझं आधी, कारण तू नसतास तर दुसरं राहिलंच नसतं."

लिहिलं.

तुझी,
डल्सी


रविवार, १२ एप्रिल १९८७

प्रिय विल्फ,

आज ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. पाळकांनी येशूच्या मिरवणुकीसाठी गाढव आणलं होतं, त्यानं चर्चच्या दारातली प्रिमरोजची फुलं खाल्ली. बाकी सगळं व्यवस्थित.

सभेनंतर महिनाभर गॅरड सर कोणाला दिसले नाहीत. चर्चमध्ये आले तरी शेवटच्या बाकावर बसायचे आणि आधी निघून जायचे. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. नाही वाटलं. त्यांनीच आपल्याला पाढे शिकवले, वाचायला शिकवलं. मी आज तुला लिहितेय ती अक्षरं त्यांचीच.

गेल्या सोमवारी मी चहाची किटली घेऊन गिल्डहॉलपाशी गेले तर सर शिडीच्या खाली उभे. कोट, टाय, हातात टोपी. जोसलिनला म्हणाले, "मला ती तुळई बघायची आहे."

ती म्हणाली, "सर, मी तुम्हाला फोटो दाखवते ना."

"फोटो नको. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः जाऊन बघा. शिडी कुठली?"

मॉरीन बस लावून तिथेच उभी होती. तिनं शिडी घट्ट धरली. "चढा सर. पडलात तर माझ्यावरच पडा, मी गुबगुबीत आहे." सरांनी तिच्याकडे बघितलं. मान हलवली आणि चढायला लागले. एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर ठेवून. पुढे जोसलिन, मागे मी. खाली रस्त्यावर बेकरीवाला दुकान सोडून बाहेर आला.

वर जाऊन त्यांनी टोपी खाली ठेवली, बाही सारली आणि भिंतीच्या भोकात कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ चाचपत राहिले. मग पांढऱ्या गिलाव्यावरून तळहात फिरवला. मग पुन्हा आत. जोसलिन काही समजावायला लागली, त्यांनी दुसऱ्या हातानं तिला थांबवलं.

"आतून," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं.

हात बाहेर काढला तो काळाकुट्ट. मी रुमाल पुढे केला. त्यांनी घेतला नाही. तसाच हात घेऊन ते खाली उतरले आणि शीप लेननं घरी गेले. वाटेत दोघांनी "सुप्रभात" म्हटलं, त्यांना ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारातून एक कागद आत पडला. मी धावत जाऊन दार उघडलं, पण चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस पाहिजे तेव्हा वेगानं चालू शकतो. नव्या आवृत्तीत जाणारा मजकूर आहे. उतरवून देते:

"सन १९५२च्या ऑक्टोबरात धुराड्यात शिरलेल्या एका जुन्या तुळईने पेट घेऊन गिल्डहॉलचा पूर्व भाग जळाला. हा दोष धुराडे बांधणाऱ्याचा होता, त्यात राहणाऱ्यांचा नव्हे. मिल स्ट्रीटवरील विल्फ्रेड रफल, वय सतरा, याने धुराने भरलेल्या जिन्यावरून वर जाऊन पाच वर्षांची मॉरीन पेटिट हिला खाली आणले. या गावाने त्याचे आभार मानले नाहीत. उलट त्याच्यावर खोटा आळ घेतला, आणि तो आधीच्या दोन आवृत्त्यांतून प्रस्तुत लेखकाने छापला. गाव त्याचे ऋणी आहे. लेखक त्याचा अपराधी आहे."

"ऋणी"च्या आधी "सदैव" लिहून खोडलंय. सरांना भरजरी शब्द आवडत नाहीत, आठवतं ना?

मी कागद घेऊन बाबांच्या खुर्चीत बसले. त्यात मी सहसा बसत नाही. आणि विल्फ, मला राग यायला हवा होता. इतकी वर्षं मी तो साठवून ठेवला होता. अ‍ॅलनच्या आईनं "आगलाव्याच्या घरची सून नको" म्हटलं त्या दिवसापासून. तुला अ‍ॅलनचं माहीत नाही, नको असू दे, जुनी गोष्ट आहे. त्याची बायको चांगली आहे. सांगायचं एवढंच, की राग शोधला आणि सापडला नाही. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी होतं. मला सगळ्यांचे आभार मानावेसे वाटत होते. जोसलिनचे, म्हातारीचे, शिडी धरणाऱ्या मॉरीनचे, आणि त्या काळ्या हाताचेही.

२३ मे, शनिवार. उद्घाटन सकाळी. ये असं म्हणत नाही. तुझी सफरचंदं, तुझा संसार, लांबचा प्रवास. फक्त तारीख सांगते.

तुझी,
डल्सी


रविवार, २४ मे १९८७

प्रिय विल्फ,

तू फोनवर माझ्याशी फारसं बोलला नाहीस, पण ठेवलाही नाहीस. म्हणून तुला न दिसलेलं सगळं सांगते.

सकाळपासून ऊन होतं. गिल्डहॉल असा दिसत होता की मी दोनदा बाहेर जाऊन बघून आले. जुना ओक काळपट आणि नवा ओक पिवळाधमक, शेजारी शेजारी. जोसलिन म्हणते, नव्याचा रंग जुन्यासारखा करायचा नाही, काळ करेल ते. पाळकांनी प्रार्थना म्हटली, पोरांनी गाणं म्हटलं, बॅंड बेसूर वाजला. सगळं यथासांग.

मग गॅरड सर पुढे आले आणि पुस्तिकेतलं ते पान त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचलं. आवाज एकदाही कापला नाही. "लेखक त्याचा अपराधी आहे" म्हणून पुस्तिका मिटली आणि लोकांकडे बघत उभे राहिले. टाळ्या वाजवायच्या का, कोणाला कळेना. तेव्हा पेटिटबाईंनी काठी जमिनीवर आपटली. एकदा, दोनदा. मग सगळ्यांनी पाय आपटायला सुरुवात केली. नवी जमीन, विल्फ, सबंध घर दणाणलं. जोसलिन छताकडे बघत होती बिचारी.

जिन्याखाली नवा फोन बसवलाय. मॉरीन म्हणाली, "मिस रफल, तुमच्याकडे नंबर आहे ना? लावा." मी म्हटलं, अगं तिकडे रात्र व्हायला आली असेल, तो जेवत असेल. "मग घास गिळेपर्यंत थांबू," ती म्हणाली.

तू उचललास. मी म्हटलं, "विल्फ, मी." तू म्हणालास, "डल्सी." सगळं गाव माझ्या मानेवर श्वास सोडत होतं. मी फोन सरांच्या हातात दिला. दुसरं काय करणार?

सर सावधान उभे राहिले. "रफल," ते म्हणाले. "गॅरड बोलतोय." मग बराच वेळ ऐकत राहिले. मग, "हो. हो. नाही, माझीच." मग पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "इकडेही यंदा भरपूर पडला." आणि चष्मा पुसत बाजूला झाले. मी विचारलं, "काय म्हणाला?" सर म्हणाले, "तिकडे पाऊस चांगला झालाय." एवढंच. पण नंतर चहाच्या वेळी त्यांनी केकचे तीन तुकडे खाल्ले, आणि सरांना मी कधी एकाहून जास्त खाताना पाहिलेलं नाही.

पेटिटबाईंना फोनवर ऐकू येत नाही. त्यांनी तुझं काही ऐकलंच नाही. रिसीव्हर तोंडासमोर धरून ओरडल्या, "देव तुझं भलं करो, पोरा!" आणि परत दिला. तुझे कान बरे आहेत ना?

मग मॉरीन. "हॅलो? मी मॉरीन. मॉरीन पेटिट... हो, तीच." मग ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा एखाद्या लहान पोरीसारखा झाला. "नाही," ती म्हणाली. "नाही सापडला. आईनं मग दुसरे घेतले." मग हसायला लागली, हसता हसता जिन्याच्या पायरीवर बसली, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. फोन माझ्याकडे आला तोवर लाइन गेली होती.

मी म्हटलं, "काय गं, काय विचारत होता?"

"माझा बूट," ती म्हणाली. "सापडला का, विचारत होता. मला उचलून खाली आणताना माझा एक लाल बूट जिन्यात पडला. मी म्हणे त्याच्यासाठी भोकाड पसरलं होतं. त्यानं मला शब्द दिला, तुला बाहेर ठेवतो आणि परत जाऊन बूट आणतो. पण लोकांनी त्याला धरून ठेवलं, परत जाऊ दिलं नाही. मिस रफल, पस्तीस वर्षांनी त्यानं काय म्हणावं? 'माफ कर गं, तेवढं राहून गेलं.'"

तिच्याभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं, विल्फ. बेकरीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली.

काल रात्री मी तुझ्यासाठी लांबलचक पत्र लिहायचं ठरवलं होतं, पण आता सांगायचं फारसं राहिलेलं नाही. आईच्या वतीनं, बाबांच्या वतीनं, माझ्या वतीनं आणि या सगळ्या गावाच्या वतीनं, तुझे आभार. ते मानायला आम्हाला फार वेळ लागला.

तुझी खोली मी झाडून ठेवलीय. यायचंच असं नाही. पण झाडून ठेवलीय.

तुझी,
डल्सी